कडेकोट शोभा

पुस्तक ही भूमितीच्या दृष्टीने सहा बाजूंची वस्तू आहे. त्यांपैकी दोन बाजूंना मुखपृष्ठ आणि मलपृष्ठ म्हणतात, तिसरी बाजू म्हणजे शिवण आणि सरस पोटात घेऊन उभा असलेला कणा, आणि उरलेल्या तीन म्हणजे पानांच्या कापलेल्या कडा: वरची, खालची आणि कण्याच्या समोरची. मुखपृष्ठाच्या दिमतीला चित्रकार असतो, मलपृष्ठाच्या दिमतीला लेखकाचे छायाचित्र आणि भिडेखातर अभिप्राय देणारे मान्यवर असतात, आणि कण्यावरचे नाव उभे छापावे की आडवे यावर प्रकाशक व मुद्रक यांचे संबंध बिघडू शकतात. कडांच्या वाट्याला मात्र आधी कापणीयंत्राचे पाते आणि मागाहून धूळ एवढेच येते, असा सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. दर चौरस मीटरला 80 ग्रॅम वजनाचा कागद साधारणपणे 0.1 मिलिमीटर जाड असतो, म्हणजे 400 पृष्ठांच्या पुस्तकातली 200 पाने एकावर एक रचल्यावर जेमतेम 2 सेंटिमीटर रुंदीची पट्टी तयार होते. या चिंचोळ्या पट्टीवर गेली कित्येक शतके सोने, रंग, पशुपक्षी, देवादिक आणि अलीकडे ड्रॅगन यांनी जी गर्दी केली आहे, तिच्याकडे पाहता माणसाच्या हौसेला जागा अपुरी पडते असे म्हणवत नाही.

या हौसेचे एक लक्षण आरंभीच नोंदवून ठेवले पाहिजे, ते असे की ती स्वतःला हौस म्हणवून घ्यायला कधीही तयार नसते. कडेवर सोने का लावले, तर धूळ बसू नये म्हणून. रंग का फासला, तर कागद पिवळा पडलेला दिसू नये म्हणून. नक्षी का काढली, तर पान चोरीला गेल्यास कळावे म्हणून. लग्नात दागिने घालून मिरवणाऱ्या मंडळींनी ते लॉकरपेक्षा अंगावर अधिक सुरक्षित असतात असे सांगावे, तसाच हा युक्तिवाद आहे, आणि ग्रंथव्यवहारात तो आजवर फारसा कोणी खोडून काढलेला नाही.

कडेचे महत्त्व समजण्यासाठी आधी हे ध्यानात घ्यावे लागते की कण्याला फळीच्या दर्शनी बाजूस येण्याचा मान तुलनेने उशिरा मिळाला. मध्ययुगीन युरोपात पुस्तक महाग होते आणि वाचकाच्या सचोटीवर ग्रंथपालाचा विश्वास बेताचा होता, त्यामुळे अनेक ग्रंथालयांत पुस्तके साखळदंडाने फळीला जखडून ठेवीत. साखळीचे एक टोक पुठ्ठ्याच्या समोरच्या कडेला अडकवलेले असे. पुस्तक कणा पुढे करून ठेवले तर ते काढताना साखळीचा गुंता होई, म्हणून ते कणा भिंतीकडे आणि पाने माणसांकडे अशा रीतीने ठेवले जाई. इंग्लंडमधील हेरफर्डच्या कॅथीड्रलमध्ये असे साखळीबंद ग्रंथालय आजही पाहायला मिळते. पाने पुढे आल्यावर ग्रंथाचे नाव पानांच्या कडेवरच शाईने लिहिणे क्रमप्राप्त झाले, आणि जिथे नाव लिहिता येते तिथे चित्रही काढता येते हे मानवजातीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही.

उत्तर इटलीतील बेल्लुनो या गावच्या ओदोरिको पिल्लोने या सद्गृहस्थांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही गोष्ट फारच मनावर घेतली. त्यांनी आपल्या संग्रहातील सुमारे 170 ग्रंथांच्या कडा चेझारे वेचेल्लिओ या चित्रकाराकडून रंगवून घेतल्या. हा वेचेल्लिओ थोर चित्रकार तित्सियानो याच्या नात्यातला होता, म्हणजे घराण्याच्या एका माणसाने राजेरजवाड्यांची भव्य व्यक्तिचित्रे काढली, तर दुसऱ्याने ग्रंथांच्या बिजागरीसमोरच्या पट्टीवर संत आणि पंडित बसवले. ग्रंथकर्ता आपल्या मेजाशी बसून लिहीत आहे अशी चित्रे या संग्रहात पुष्कळ आहेत. लेखकाचे छायाचित्र मलपृष्ठावर छापण्याच्या आधुनिक प्रथेचे मूळ इथे शोधता येईल; फरक इतकाच की वेचेल्लिओचे लेखक खरोखर लिहिताना दिसतात, हनुवटीला बोट लावून दूर क्षितिजाकडे पाहताना दिसत नाहीत.

कडेच्या शोभेतला सर्वांत प्रतिष्ठित प्रकार म्हणजे सोनेरी कड. तिची कृती पाहिली तर बांधणीकार हा कारागीर, आचारी आणि योगी यांच्या सीमेवर वावरणारा मनुष्य असतो असे दिसून येते. शिवून झालेले पुस्तक दोन फळ्यांमध्ये धरून शिकंज्यात, म्हणजे बांधणीकाराच्या दाबयंत्रात, इतके आवळतात की दोनशे पानांची कड एकाच गुळगुळीत ठोकळ्यासारखी व्हावी. मग ती पात्याने खरवडून तिच्यावर बारीक तांबड्या मातीचा लेप देतात, कारण सोने अतिशय पातळ असल्याने खालच्या रंगाची ऊब त्यातून जाणवते. त्यावर पाण्यात फेटून गाळलेला अंड्याचा पांढरा बलक फिरवतात, आणि तो ओला असतानाच सोन्याचा वर्ख सोडतात. हा वर्ख मिलिमीटरच्या दहाहजाराव्या हिश्श्याइतका पातळ असल्यामुळे तो बोटाने उचलता येत नाही. चपट्या मऊ कुंचल्याला किंचित तेलकटपणा यावा म्हणून कारागीर तो स्वतःच्या गालावरून एकदा फिरवतो आणि त्या पुण्याईवर वर्ख उचलतो. या क्षणी कोणी शिंकले, पंखा लावला किंवा बिलाची चौकशी केली, तर सोने हवेत जाते. शेवटी कड वाळली की कुत्र्याच्या सुळ्यासारखा आकार दिलेल्या अकीक दगडाने ती घोटतात आणि तिला आरशाची चकाकी आणतात. धर्मग्रंथांच्या कडा पुष्कळदा अशाच सजवल्या जात असल्याने परमेश्वराचा शब्द आणि अंड्याचा बलक यांचा सहवास जुना आहे. शाकाहारी संग्राहकांनी या विषयात फार खोल शिरू नये हे उत्तम.

सोन्याचे समर्थन असे की घोटलेली कड बंद दारासारखी काम करते आणि धूळ, दमट हवा व कीटक यांना पानांत सहज शिरू देत नाही. हे बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु धूळ मुख्यतः वरूनच पडते हा नियम प्रकाशकांना सोन्याचा हिशेब करताना विशेष तीव्रतेने जाणवला, आणि त्यातून केवळ वरची कड सोनेरी ठेवून बाकीच्या दोन तशाच सोडण्याची काटकसरीची पद्धत रूढ झाली. याउलट ज्यांना खर्चाची पर्वा नव्हती त्यांनी सोन्यावर तापवलेल्या हत्यारांचे ठसे उमटवून वेलबुट्टी काढून घेतली. सोळाव्या शतकात या ठसेकामाची मोठी चलती होती, आणि वेलबुट्टीमुळे धुळीला नेमका कोणता जादा अटकाव होतो हे विचारण्याचा करंटेपणा त्या काळी कोणी केल्याचे दिसत नाही. काही ग्रंथांत सोन्याखाली लाल रंग देतात, त्यामुळे बंद पुस्तक सोनेरी दिसते आणि उघडताच कड लालसर होते; अशा पुस्तकाचा मालक ते वाचतो आहे की मिटले आहे, हे खोलीच्या दुसऱ्या टोकावरूनही कळते.

सोने ज्यांना परवडत नसे किंवा शोभत नसे, त्यांच्यासाठी अबरी होती. अबरी म्हणजे पाण्यावर रंग तरंगवून त्यांची ढगांसारखी किंवा संगमरवरासारखी नक्षी कागदावर उचलण्याची कला. समुद्रशेवाळ उकळून घट्टसर केलेले पाणी पसरट भांड्यात घेतात, त्यावर रंगांचे थेंब टाकतात, रंग बुडू नयेत व नीट पसरावेत म्हणून त्यांत बैलाचे पित्त मिसळतात, आणि फणी फिरवून हवी तशी लहर काढतात; त्यानंतर आवळून धरलेल्या पुस्तकाची कड त्या पृष्ठभागाला एकदाच टेकवतात. ही कला इराण आणि तुर्कस्तानातून युरोपात गेली. दख्खनलाही ती परकी नव्हती: सतराव्या शतकात विजापूरकडच्या चित्रकारांनी अबरीच्याच तंत्राने हाडे निघालेल्या घोड्यांची आणि त्यांवरच्या तितक्याच कृश स्वारांची चित्रे काढली आहेत. तिथे अबरी घोड्याच्या बरगड्यांवर पसरली, तर इंग्लंडमध्ये ती थेट जमाखर्चाच्या वह्यांवर जाऊन बसली.

वह्यांवर बसण्यामागचे कारण शोभेपेक्षा संशयाचे होते. कडेवर सलग नक्षी असलेल्या वहीतून एखादे पान कारकुनाने गुपचूप फाडले, तर त्या जागी नक्षी किंचित तुटते, आणि मालकाला वही न उघडताच आपल्या कर्मचाऱ्याच्या चारित्र्याचा अंदाज येतो. आपल्याकडच्या व्यापाऱ्याने हेच काम लाल कापडी पुठ्ठा, पहिल्या पानावरचे ‘श्री’ आणि लक्ष्मीपूजन यांच्यावर सोपवले होते, म्हणजे इंग्रज मालकाने कारकुनाला अबरीची भीती घातली आणि मराठी मालकाने देवीची. दोन्ही व्यवस्थांत पाने गेलीच नाहीत असा दावा मात्र कोणत्याही इतिहासकाराने केलेला नाही. अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन यांनी याच तत्त्वाचा आधार घेतला. क्रांतीच्या काळात 10 मे 1775 या तारखेने निघालेल्या 20 डॉलरच्या नोटेच्या एका कडेला रंगीत अबरीची पट्टी होती, कारण पाण्यावरची लहर पुन्हा तंतोतंत तशीच उठवणे खोट्या नोटा छापणाऱ्याला जमण्यासारखे नव्हते. त्या चलनाची किंमत पुढे भरभरा घसरली, त्यामुळे ते खोटे करण्याचा मोह आपोआपच कमी झाला असणार. बनावटगिरीवर हा उपाय अबरीपेक्षा प्रभावी असला तरी तो मुद्दाम कोणी योजत नाही.

शोभा दाखवण्यासाठी असते हा सिद्धान्त अठराव्या शतकात यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्स गावच्या एडवर्ड्स घराण्याने पार उलटा केला. विल्यम एडवर्ड्स आणि त्यांचे पुत्र हे बांधणीकार व पुस्तकविक्रेते, आणि त्यांची ख्याती होती लपलेल्या चित्रांसाठी. हे तंत्र त्यांच्याही आधीचे, सतराव्या शतकातले. पण ते बाजारात आणून लोकप्रिय केले ते एडवर्ड्स मंडळींनी. पाने किंचित तिरपी सरकवली की प्रत्येक पानाची केसाएवढी पट्टी उघडी पडते, आणि अशा शेकडो पट्ट्या मिळून एक सपाट, चित्र काढण्याजोगा पृष्ठभाग तयार होतो. पुस्तक त्याच तिरप्या स्थितीत आवळून त्यावर जलरंगात निसर्गदृश्य, वाडा किंवा चर्च रंगवतात. कुंचला जवळजवळ कोरडा ठेवावा लागतो, कारण थोडे जरी पाणी जास्त झाले तरी रंग पानांच्या फटीतून आत झिरपतो आणि चर्चचा कळस थेट तिसऱ्या प्रकरणात उतरतो. चित्र वाळले की पुस्तक सरळ करून खऱ्या कडेवर सोने चढवतात. बंद पुस्तक मग नुसते सोनेरी दिसते, पाने तिरपी केली की चित्र उगवते आणि सोडली की मावळते. पुढे काही कारागिरांनी पाने डावीकडे सरकवल्यास एक आणि उजवीकडे सरकवल्यास दुसरे असे जोडचित्रही साधले.

या कलेतला व्यावहारिक पेच असा की चित्र पाहण्यासाठी दरवेळी पाने वाकवावी लागतात, आणि पाने वाकवली की बांधणीवर ताण येऊन पुस्तक खिळखिळे होते. त्यामुळे अशा ग्रंथाचा जाणता मालक पाहुण्यांना सोनेरी कड दाखवतो, तिच्या आत सुंदर चित्र आहे असे सांगतो, आणि ते दाखवण्याचे मात्र टाळतो. चित्राचा आणि ग्रंथातल्या मजकुराचा संबंध असतोच असेही नाही. प्रवचनांच्या संग्रहावर शिकारीचे दृश्य निघाले तरी ग्राहकाची तक्रार नसे, कारण प्रवचने वाचण्याचा प्रसंग सहसा येत नसे. ही चित्रे पुढे इतकी मोल पावली की विसाव्या शतकात जुनी पुस्तके मिळवून त्यांच्या कडांवर नवी चित्रे काढून देण्याचा व्यवसायच उभा राहिला, आणि बनावटगिरी पकडण्यासाठी एके काळी ज्या कडेवर नक्षी काढली जात होती, तीच कड बनावटगिरीच्या सोयीची ठरली.

यानंतर आली न कापलेली कड. हातकागद बनवताना लगदा लाकडी चौकटीच्या कडांपाशी थोडा ओघळतो आणि कागदाला खडबडीत, दातेरी किनार येते. छापखान्यांनी शतकानुशतके हा दोष मानून कापून टाकला; यंत्राचा कागद आल्यावर सर्वच कडा सरळ येऊ लागल्या आणि त्याबरोबर सरळ कडेची प्रतिष्ठा संपली. तेव्हापासून काही प्रकाशक यंत्राच्या गुळगुळीत कागदाला मुद्दाम दातेरी किनार देऊन पुस्तकाची किंमत वाढवतात, आणि ‘पाने नीट कापलेली नाहीत’ म्हणून ते परत करायला निघालेल्या ग्राहकाला हा दोष नसून अभिरुची आहे हे समजावण्याचे काम विक्रेत्याच्या गळ्यात पडते. दुसऱ्या टोकाला अमेरिकेतील स्वस्त कागदी बांधणीची पुस्तके होती. 1939 साली सुरू झालेल्या पॉकेट बुक्ससारख्या मालिकांनी कडा लाल, पिवळ्या, निळ्या रंगवल्या, कारण लाकडाच्या स्वस्त लगद्याचा कागद कडेकडून लवकर पिवळा पडतो आणि रंगात ते खपून जाते. तिथे शोभेने दारिद्र्य झाकले, इथे दोषाने श्रीमंती दाखवली. कड दोन्ही वेळा मुकाट्याने सहन करीत राहिली.

एकविसाव्या शतकात कडांनी जी मुसंडी मारली आहे तिला तोड नाही. 2023 साली रेबेका यारोस यांची ‘फोर्थ विंग’ ही अद्भुतकथा प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्या पहिल्या छपाईतील प्रतींच्या काळ्या कडांवर ड्रॅगन होते, आणि वाचकांनी त्या कडांसाठी इतकी धाव घेतली की पुढे रंगीत कडांची ‘विशेष आवृत्ती’ हा इंग्रजी कादंबरीच्या बाजाराचा नेहमीचाच भाग होऊन बसला. तंत्र आता सोपे झाले आहे: पुस्तकांचे कापलेले गठ्ठे पुठ्ठा चढवण्यापूर्वी आवळून त्यांवर रंग फवारतात, नक्षी हवी असल्यास साचा ठेवतात, आणि अनेक रंगांचे चित्र हवे असल्यास ते संगणकाच्या आज्ञेने शाई उडवणाऱ्या यंत्राकडून थेट कडेवर छापून घेतात. रंगाने पाने एकमेकांना किंचित चिकटतात, त्यामुळे नवे पुस्तक उघडताना बारीक करकर होते आणि कडेचे टवके उडण्याची धास्ती वाटते. म्हणून खरा चाहता कथा फोनवर वाचतो, नाहीतर तिची साधी प्रत वाचायला आणि रंगीत कडेची प्रत ठेवायला अशा दोन प्रती घेतो. ही दुसरी प्रत कणा भिंतीकडे आणि कड पुढे अशी मांडली की वर्तुळ पूर्ण होते, कारण हेरफर्डच्या साखळीबंद ग्रंथालयातही पुस्तके याच रीतीने उभी आहेत. मात्र तिथे साखळी वाचकाने पुस्तक नेऊ नये म्हणून होती, आणि इथे साखळी न लावताही पुस्तकाला कोणी हात लावत नाही.

महाराष्ट्रात कडेची कला शासकीय अनुदानाविना आणि समीक्षकांच्या नजरेआड जिवंत राहिली आहे. शाळकरी मुलगा वहीच्या तिन्ही कडांवर बॉलपेनने स्वतःचे संपूर्ण नाव, इयत्ता आणि तुकडी कोरतो, आणि पाने तिरपी करून लिहिल्यास सरळ केल्यावर अक्षर चेपून गूढ दिसते हा हॅलिफॅक्सचा शोध त्याला तासाला बसल्याबसल्या स्वतंत्रपणे लागतो. ग्रंथालये कडेवर रबरी शिक्का मारतात, कारण शिक्क्याचे पहिले पान चोर फाडू शकतो, पण दोनशे पानांच्या कडेवर पसरलेला जांभळा लंबगोल काढायचा तर त्याला आख्खे पुस्तक कापणीयंत्राखाली घालावे लागेल. चोराला हे यंत्र मिळत नाही. ग्रंथालयाला मिळते, आणि पुस्तक फाटले म्हणून फेरबांधणीला गेले की बांधणीकार कडा सरळ करण्याच्या कर्तव्यभावनेने शिक्का, समास आणि कधीकधी ओळींची शेवटची अक्षरेही छाटून आणतो.

या सर्व प्रकारांत एक कड मात्र कोणी मुद्दाम बनवलेली नाही, ती म्हणजे वाचून मळलेली कड. कॅथरीन रूडी या कला-इतिहासतज्ज्ञ विदुषीने 2010 साली मध्ययुगीन प्रार्थनापोथ्यांच्या पानांवरील मळाची काळिमा उपकरणाने मोजून कोणत्या प्रार्थना अधिक म्हटल्या जात आणि कोणत्या नुसत्या बाळगल्या जात याचा हिशेब मांडला. त्याहून थोर मळ लॉग टेबलांचा. संगणक येण्यापूर्वी मोठे गुणाकार करण्यासाठी गणिती लॉगरिदमची छापील कोष्टके वापरीत, आणि 1881 साली सायमन न्यूकम या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाने नमूद केले की या पुस्तकांची सुरुवातीची पाने शेवटच्या पानांपेक्षा फार लवकर झिजतात, म्हणजे 1 ने सुरू होणारे आकडे लोकांना अधिक लागतात. 1938 साली फ्रँक बेन्फर्ड यांनी नद्यांच्या क्षेत्रफळांपासून लोकसंख्येपर्यंतचे हजारो आकडे तपासून तेच दाखवले: निसर्गतः गोळा झालेल्या पुष्कळ आकडेवारीत सुमारे 30.1 टक्के संख्या 1 ने सुरू होतात आणि 9 ने जेमतेम 4.6 टक्के. मनाने आकडे ठोकणाऱ्या माणसाला हे प्रमाण सांभाळता येत नाही, म्हणून आज लेखापरीक्षक खोटे हिशेब आणि करचुकवेगिरी हुडकण्यासाठी हा नियम वापरतात.

म्हणजे जमाखर्चाच्या वहीवरची देखणी अबरी फार तर पान गेल्याचे सांगत असे, आणि पानावर राहिलेले आकडेच खोटे असू शकतात हे पकडण्याची विद्या निघाली ती कोणाच्या तरी शाईने आणि घामाने काळवंडलेल्या पुस्तकातून. सोन्याला, चित्राला आणि फवाऱ्याला जे जमले नाही ते मळाने केले, कारण तो लागण्यासाठी पुस्तक उघडावे लागते. अर्थात दातेरी कडेचा पूर्वानुभव लक्षात घेता या निष्कर्षाने कोणी निश्चिंत होऊ नये; यंत्राने ड्रॅगन छापता येतो तर अंगठ्याचा डागही छापता येईल, आणि वाचून वाचून मळल्यासारखी दिसणारी कड असलेली विशेष आवृत्ती निघाली, की ती मळू नये म्हणून चाहते तिच्यावर प्लास्टिकचे आवरण घालतील.